उजव्या हाताला बांगड्या नव्हत्या

अक्का, शहाडपासून ठाण्यापर्यंत माझ्याइतके बायकांचे हात कुठल्याच माणसाने धरले नसतील. आणि त्यातल्या प्रत्येकीने बांगड्या भरून झाल्या झाल्या हात सोडवून घेतलाय. एक मंदा तेवढी बायको म्हणून राहिली, तर ती पण आता म्हणते, तेव्हा नीट बघितलं नव्हतं.

तू असतीस तर इथंच म्हणाली असतीस, "झाला ह्याचा तमाशा सुरू." झाला बाई. मला दुसरं येतं काय? चौथीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मास्तरांनी सोडवून घेतली, माझ्यापासून. लिहायला बसलो तर माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून हे फोनमध्ये बोलतोय, तो लिहून घेतोय. रेश्मा म्हणाली, मामा तुम्ही बोला, मी नंतर नीट करते. म्हणजे तुझी पोरगी हे सगळं वाचणार. म्हणजे खोटं बोलायची पण सोय नाही.

परवा तेरावं झालं तुझं. लोक चांगलं चांगलं बोलले तुझ्याबद्दल. तुझ्या वर्तकनगरच्या कॉलनीतले एक आजोबा उठून म्हणाले, "अशी बहीण मिळायला नशीब लागतं, स्वतःची किडनी काढून दिली भावाला." सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. नशीबवान भाऊ कसा दिसतो ते बघत असतील. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. हल्ली ते तिथंच राहतात. खिशाने भाडं मागितलं नाही हे नशीब, बाकीचं नशीब तू दिलेलंच होतंस.

तुला आठवतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? माझ्या दोन्ही किडन्यांनी काम बंद केलेलं, डायलिसिसवर माझी पार वाळलेली काकडी झालेली. मंदा किडनी द्यायला तयार होती, पण घाबरत घाबरत, आणि तिचं रक्तच जुळलं नाही. तुझं जुळलं. आपल्या दोघांचं जन्मात तेवढं एकच जुळलं. तू माझ्या खाटेपाशी आलीस, हॉस्पिटलच्या त्या हिरव्या झग्यात, आणि म्हणालीस, "दत्त्या, नीट वापर हां. सेकंड हँड आहे, पण सिंगल ओनर आहे." मी इतका हसलो की नर्स आली. घरात जोकर मी, पण चांगले जोक सगळे तुझे. मी ते आयुष्यभर माझे म्हणून गिऱ्हाइकांना सांगितले.

किडनी तुझ्यासारखीच निघाली. पहिल्या दिवसापासून कामाला लागली, कोणी सांगायची वाट बघितली नाही.

आणि मग ह्या चामखिळी.

पहिली आली ती उजव्या अंगठ्याच्या बाजूला. ज्या जागेने मी बांगडी ढकलतो, बरोब्बर त्याच जागेवर. कासाराचा हात म्हणजे बारीक बारीक काचांनी कायम ओरखडलेला, त्यामुळे मला वाटलं घट्टा पडला असेल. मग तिच्या शेजारी दुसरी आली. मग बोटांवर, नखांच्या कडेला, तळहातावर. वर्षा-दीड वर्षात माझे हात कारल्यासारखे झाले. मला दुखत नव्हतं काही. दिसत होतं, तेवढंच.

तू म्हणालीस, "एवढंच ना? घोड्याचा केस बांधू."

कारण लहानपणी माझ्या गुडघ्यावर एक चामखीळ होती आणि तू कल्याण स्टेशनच्या टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा केस उपटून आणलेलास. घोड्याने लाथ मारली ती मला बसली, ते तू कोणाला सांगितलं नाहीस. केस घट्ट बांधलास, आणि काही दिवसांनी चामखीळ खरंच गेली. तेव्हापासून आख्ख्या चाळीत तू डॉक्टर आणि मी तुझा बरा झालेला पेशंट. एकच पेशंट, पण त्यावर तू केवढी मिरवलीस!

आता टांगे कुठले राहिलेत? तू मला घेऊन शहाडच्या त्या वरातीच्या घोडीवाल्याकडे गेलीस. म्हणालीस, "दादा, शेपटीचे केस पायजेत, भावाच्या चामखिळींना बांधायला."

तो म्हणाला, "घ्या की ताई. किती?"

तू माझा हात धरून त्याच्यापुढे केलास. तो बघत राहिला. मग घोडीकडे बघितलं, परत माझ्या हाताकडे. म्हणाला, "ताई, ह्याला एक घोडी पुरायची नाही. आणि आत्ता लग्नाचा सीझन आहे. बिनशेपटीच्या घोडीवर कुठला नवरदेव बसेल?"

मी हसलो, तो हसला, घोडी पण फुरफुरली. तू एकटी हसली नाहीस. दोन केस घेतलेस आणि तिथंच रस्त्याकडेला उभी राहून माझ्या अंगठ्याला बांधलेस.

आठवड्यात अंगठा हा एवढा सुजला. पू झाला, ताप भरला. मग हॉस्पिटलातली ती कातडीची डॉक्टरीणबाई, पोरगी आपल्या रेश्माच्या वयाची, ती आपल्या दोघांना इतकं बोलली, इतकं बोलली, की मला शाळेत परत गेल्यासारखं वाटलं.

"काका, तुमची किडनी बसवलेली आहे. तुम्हाला साधं इन्फेक्शन पण परवडत नाही. आणि तुम्ही घोड्याचा केस बांधताय?"

तू म्हणालीस, "लहानपणी त्यानेच गेलेली."

"ती जाणारच होती, काकू." मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि नीट सांगितलं. माझ्या डोक्यात कधी काही राहत नाही, पण ते राहिलं. म्हणाली, हा एक व्हायरस असतो, कोणालाही कुठेही भेटतो. कातडीला बारीक चीर असली की आत शिरतो. पण रक्तात जात नाही. कातडीच्या वरच्या थरात गुपचूप बसतो, आवाज नाही, ताप नाही. म्हणून आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना तो आलेला लवकर कळतच नाही. कळला की मग सगळे मिळून येतात आणि साफ करून टाकतात. कोणाचं काही महिन्यांत, कोणाचं वर्ष-दोन वर्षांत. म्हणून पोरांच्या चामखिळी अशाच एके दिवशी गायब होतात, आणि ज्याने त्या वेळी चुना लावलेला असतो, केस बांधलेला असतो, त्याचं नाव होतं.

"मग ह्याचे पहारेकरी कधी यायचे?" तू विचारलंस.

"ह्यांच्या पहारेकऱ्यांना आपणच गोळ्या देऊन गुंगीत ठेवलंय, काकू. नाहीतर ते तुमच्या किडनीलाच घुसखोर समजून मारतील."

"माझ्या किडनीला? मी सख्खी बहीण आहे."

"त्यांना नातं कळत नाही."

तू उठलीस.  बाहेर बाकड्यावर बसलीस, पर्समधून पान काढलंस, तोंडात टाकलंस, आणि मग म्हणालीस, "कळलं मला. आमच्या कॉलनीच्या वॉचमनसारखं आहे. तो दुपारचा झोपतो तेव्हा माझ्या माहेरची माणसं बिनचौकशी वर येतात, बरं वाटतं. पण मग झाडू विकणारे पण येतात, कुत्री पण येतात, कोणीतरी जिन्यात थुंकून पण जातं. तुझा वॉचमन झोपलाय म्हणून मी आत राहिलीये. आणि तो झोपलाय म्हणूनच ह्या पण राहिल्यात."

"आणि घोड्याचा केस?"

"त्याने लहानपणी वॉचमनला गुदगुल्या झाल्या असतील. उठला असेल." हार मानायचीच नाही म्हणजे नाही.

एवढं सोपं करून सांगितलंस अक्का, आणि मी त्याचं काय केलं?

त्याच्या आधी धंद्याचं सांगतो. डोंबिवलीला एका लग्नघरी नवरीचा चुडा भरायला गेलेलो. पोरगी गोड होती. मी हात धरला, तिने बघितलं, आणि पटकन मागे घेतला. "मम्मी, ह्या अंकलच्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही बेटा, सकाळी नाचणीची भाकरी थापली, दाणे चिकटले." सगळ्या बायका हसल्या. नवरीपण हसली. हसली, पण हात पदराखालून काढला नाही. मग तिची आई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या मिसेसना पाठवता का?" फार चांगली बाई. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी रबरी हातमोजे घालून बघितले. बांगडी भरणं म्हणजे हाड चाचपणं असतं, तुला काय सांगायचं, तू कासाराची पोर. अंगठा आत मुडपायचा, त्याच्या मुळाशी दाबायचं, हाड जरा सरकलं की बांगडी पुढे. मोज्यातून हाड कळत नाही. काचेवर काच वाढवली मी. वाढवली म्हणतो, अजून तोंडातून फुटली निघत नाही, कासाराच्या दुकानात तो शब्द चालत नाही. एक आजी म्हणाली, "मेल्या, बांगड्या भरायला आलेय का इंजेक्शन घ्यायला?" तेव्हापासून दुकानात मंदा भरते आणि मी बोलतो. हात काउंटरच्या खाली. गिऱ्हाइकांना वाटतं मी नोटा मोजतोय.

तर मी काय केलं. मला वाटलं, अक्का म्हणते वॉचमन झोपलाय. मग जरासा उठवू. चामखिळी हाकलून होईपर्यंत जागा ठेवू, मग परत झोपवू. मी संध्याकाळच्या गोळ्या खायच्या सोडल्या. कोणाला बोललो नाही. मंदाच्या समोर तोंडात टाकायच्या आणि मोरीत थुंकायच्या. रोज सकाळी उठून हात बघायचो. चामखीळ एक हलली नाही. पाय मात्र सुजले, लघवी कमी झाली.

वॉचमन उठला अक्का. उठला आणि पहिला तुझ्यावरच धावून गेला.

हॉस्पिटलात डॉक्टर लोकांनी इंजेक्शनं देऊन किडनी कशीतरी वाचवली. माझ्यासाठी तू म्हणालेलीस "सिंगल ओनर", आणि दुसऱ्या ओनरने गाडी भिंतीवर घातलेली. तू आलीस. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटणार, मी तयारीत होतो, दोन-तीन जोक काढून ठेवलेले. तू खाटेच्या पायथ्याशी उभी राहिलीस. म्हणालीस, "तुला नको होती तर तेव्हाच सांगायचं होतंस, दत्त्या."

मी म्हटलं, "परत घेतेस का? बिल आहे ना जवळ?"

तू हसली नाहीस. पर्स उचललीस आणि गेलीस. माझं नेहमीचं गिऱ्हाईक होतीस तू, अक्का. लहानपणापासून माझ्या सडक्या जोकला पण हसायचीस. त्या दिवशी मला कळलं, मी जोक करतो तेव्हा समोरच्याला किती लागतं ते मी कधी बघतच नाही, कारण मी हसायची वाट बघत असतो.

त्यानंतर कितीतरी दिवस तू फोन उचलला नाहीस. दाजी उचलायचे, म्हणायचे, "बरी आहे. तू गोळी घेतलीस का?" आणि ठेवून द्यायचे. मग एका रविवारी तू शहाडला आलीस.  डॉक्टरीणबाईने दिलेली औषधाची बाटली मागितलीस, काडेपेटीतली काडी घेतलीस, माझा हात आपल्या मांडीवर उताणा ठेवलास, आणि एकेक चामखिळीच्या कडेने व्हॅसलीन लावून मधोमध औषधाचा थेंब सोडत बसलीस. रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. मी म्हटलं, "हात लावू नको, तुला पण होतील." तू म्हणालीस, "झाल्या तर झाल्या." मग दर रविवारी.

आणि झालीच की! तुझ्या पहिल्या बोटावर एक आली. मी तर मेल्याहून मेल्यासारखा झालो. किडनी घेतली आणि बदल्यात चामखीळ दिली, असा भाऊ. तू तिला औषध लावलं नाहीस, केस बांधला नाहीस, नुसती ठेवून दिलीस. दर रविवारी दाखवायचीस. आणि काही महिन्यांनी बोट नाचवत आलीस, जागा साफ, डाग पण नाही. "बघ! माझे जागे आहेत!"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मला राग आला तुझा. आता बोललोच आहे तर सगळंच बोलतो, रेश्मा, हे कापू नको. मला वाटलं, चामखिळीत पण ही पास आणि मी नापास. हिने मला किडनी दिली, तेवढे चार पहारेकरी पण द्यायचे होते. असं वाटलं मला. तुझं एवढं मोठं घेऊन बसलेला माणूस, आणि तुझ्या एका बोटावर जळला.

डॉक्टरीणबाईने मग किडनीच्या डॉक्टरांशी बोलून माझ्या गोळ्या जरा जरा बदलल्या. तपासत तपासत, त्यांच्या हिशोबाने, माझ्या नाही. अधूनमधून ती बर्फापेक्षा गार काहीतरी फवारायची, चटका बसायचा. काही चामखिळी सपाट झाल्या. मला दिसल्याच नाहीत, मी हाताकडे बघायचंच सोडलेलं. तूच अंगठा फिरवून म्हणालीस, "ही बसली रे. ही पण बसायला लागली. पहारेकरी उठतायत हळूहळू, किडनीला न कळता." असं म्हणालीस जसं काही त्यांना तू स्वतः हाका मारून उठवलंस.

शेवटच्या रविवारी भांडलो आपण. तू म्हणालीस, "आता बस काउंटरवर आणि भर बांगड्या. पट्ट्या लाव बाकीच्यांवर. डॉक्टर पण नाही म्हणत नाही."

मी म्हटलं, "हात कोण देणार?"

तू सरळ तुझा हात पुढे केलास. "मला भर."

"तुझ्या हातात आहेत की."

"त्या वाढव आणि नव्या भर. हिरव्या काढ, खडीच्या नको."

मी म्हटलं, "फुकटचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कटकट करतं." आणि उठून चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा तुझा हात अजून काउंटरवरच होता, उताणा. मी चहाचा ग्लास त्यात ठेवला. तू एवढंच म्हणालीस, "पुढच्या रविवारी बघते तुझ्याकडे."

पुढचा रविवार यायच्या आधीच दाजींचा फोन आला. सकाळ होती. "दत्तू, ती उठत नाहीये रे." डॉक्टर नंतर म्हणाले झोपेतच हार्ट बंद पडलं, एका किडनीचा काही संबंध नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही, उत्तर बदललं असतं तर काय करायचं होतं?

मंदा माहेरी गेलेली, जुन्नरला. मी एकटाच निघालो. निघता निघता दुकानाचं शटर उघडलं. सवाष्ण गेली तर हिरवा चुडा माहेरचा लागतो, आणि तुझं माहेर म्हणजे मीच. दोन-चारच्या मापाच्या, हिरव्या, साध्या. तुझं माप मला विचारायला लागत नाही. डबा छातीशी धरून आणला वर्तकनगरपर्यंत, एक पण वाढली नाही.

घरात बायका तुझी तयारी करत होत्या. आंघोळ घातलेली, हिरवी साडी, कपाळभर कुंकू. दाजी कोपऱ्यात बसलेले. मला बघितलं, उठले, आत गेले, पाण्याचा ग्लास घेऊन आले. म्हणाले, "सकाळची गोळी राहिली असेल तुझी. घे आधी." त्या घरात चूल पेटलेली नव्हती, आणि तो माणूस माझ्या गोळीचं पाणी घेऊन उभा. मी घेतली. डाव्या हाताने ग्लास धरला, डाव्यावर जरा कमी आहेत.

तेवढ्यात शेजारच्या पाटीलकाकू म्हणाल्या, "चुडा भरायचाय. भाऊ कासार आहे ना तिचा? त्यालाच भरू दे, बरं वाटेल तिला."

सगळ्या बायका वळल्या. तुझा हात पांढऱ्या चादरीवर, जुन्या बांगड्या काढलेला, स्वच्छ. मला माझा हात त्याच्यावर दिसला. असा कारल्यासारखा. मला त्या बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागलं, हिने किडनी दिली आणि ह्याने बघा काय करून घेतलं. मी डबा पाटीलकाकूंच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्ही घ्या सुरू करून, मी जरा गाडीचं बघतो."

गाडीचं दाजींच्या भावाने कधीच बघून ठेवलेलं. मी खाली जाऊन गेटपाशी उभा राहिलो. चार माणसं होती, ड्रायव्हर होता. गप्प उभं राहवेना, म्हणून मी ड्रायव्हरला जोक सांगितला. तू वर पडलेलीस अक्का, आणि मी खाली जोक सांगितला. तो बिचारा हसावं की नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

वरून काच वाढल्याचा आवाज आला. मग परत एक. हा आवाज मी आख्ख्या बाजारात ओळखेन. हात आखडायला लागलेला, आणि काकू सरळ ढकलत असणार. गरम पाण्यात साबण घ्यायचा, अंगठा आत घ्यायचा, घाई करायची नाही. मला माहीत होतं सगळं. मला तेवढंच तर माहीत आहे जगात. रेश्मा गॅलरीत आली, तिच्या बोटाला रक्त लागलेलं. "मामा, वर या ना!" मी हात खिशातून काढला नाही, नुसतं कोपर हलवलं. "आलो, आलो." आणि गेटच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

तुला खाली आणली तेव्हा मी खांदा द्यायला पुढे झालो. डाव्या हातात बांगड्या होत्या, रेश्माने कशातरी भरलेल्या. उजवा हात मोकळा होता. कासाराची मुलगी, कासाराची बहीण, आणि एक हात मोकळा घेऊन गेलीस.  

तुझं सगळं तिथं स्मशानात गेलं. एक माझ्या पोटात राहिलंय. दाजी रोज सकाळी फोन करतात, "घेतलीस?" एवढंच विचारतात. मी घेतो. आता एक पण चुकत नाही अक्का, मोरीत थुंकत नाही. लघवीला गेलो की तुझी आठवण येते, हे असं कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतो. डॉक्टरीणबाईने काल हात बघितले, म्हणाली अजून दोन बसल्या, मागच्या वेळी कोणी औषध लावलं, छान लावलंय. मी म्हटलं, बहिणीने. ती म्हणाली, त्यांना सांगा असंच चालू ठेवा. मी हो म्हटलं.

तेराव्याची माणसं गेल्यावर रेश्मा तुझं कपाट आवरत बसलेली. मी दारात उभा राहिलो. रस्ताभर पाठ करत आलेलो काय बोलायचं ते. सुरुवातीला एक जोक पण ठेवलेला, तिला बरं वाटावं म्हणून. तो निघालाच नाही. मी म्हटलं, "रेश्मा, त्या दिवशी मी वर आलो नाही. माझ्या ह्या हातांमुळे. मला वाटलं सगळ्या बायका माझे हात बघतील, तुझ्या आईच्या अंगावर असले हात. मला लाज वाटली गं." आणि तिच्यासमोर दोन्ही हात काढून धरले, पहिल्यांदा.

तिने बघितलं. आपण भाजी बघतो तसं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग साडीची घडी घालत म्हणाली,

"मामा, त्या दिवशी सगळे आईला बघायला आलेले. तुमचे हात बघायला कोणाला टाइम होता?"